पेंढ्याचं रेडकू

थोरल्या बहिणीचं, मालनआक्काचं पत्र दिगंबर चौगुल्यांच्या टेबलाच्या खणात अकरा वर्षं पडून होतं. ते हरवलं नव्हतं, विसरलंही गेलं नव्हतं. काही काढायला खण उघडला की पाकिटाची कड दिसायची आणि ते हवी ती वस्तू घेऊन खण लोटून द्यायचे. मध्ये एकदा घर बदललं. पुस्तकांचीच सत्तावीस खोकी झाली. पत्र मात्र त्यांनी कुठल्याच खोक्यात टाकलं नाही. सदऱ्याच्या खिशातून नेलं आणि नव्या घरात पुन्हा त्याच टेबलाच्या त्याच खणात ठेवलं.

उत्तर एका ओळीचं होतं. आक्कानं तसं बजावलंच होतं. म्हशीच्या दुधावर चारशे पानांचा ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाला ती एक ओळ जमली नव्हती.

पत्र लहानसंच होतं. कोल्हापूरकडच्या बायका बोलताना स्वतःला ‘आलो, गेलो’ म्हणतात, तशीच आक्का लिहायचीही.

‘चि. दिगूस अनेक आशीर्वाद. माझा घसा काढला हे आमच्या प्रकाशनं तुला फोनवर सांगितलंच हाय. मिसरीनं घात केला. आता काय बोलायचं ते पाटीवर. माझा आवाज आता तुमच्याकडंच तेवढा ऱ्हायलाय. जाहिरात लागली की नातवंडं म्हणत्यात, आजी, बघ तू बोलालीस. ते असू दे. एकच विचारतो. तुमच्या त्या पेटीतल्या म्हशीला रेडकू न्हाई हे कळतंय काय? कळत नसलं तर वाजू दे माझा आवाज. कळत असलं तर काढून घे. चांदीपुढं मी रडलो होतो. मशीनमधली मी रडत न्हाई, नुसती गुणगुणतो. हे बरं न्हवं. एका वळीत कळव.’

त्यानंतर ती दोघं तीन वेळा भेटली. दोन लग्नांत आणि एका बाराव्याला. दर वेळी आक्काच्या मांडीवर पाटी असायची. ‘जेवलास का’, ‘वाळलास’, ‘गुडघा कसा आहे’ एवढंच ती लिहायची आणि पदराच्या टोकानं पुसायची. तो प्रश्न तिनं पाटीवर पुन्हा कधी लिहिला नाही. दिगंबर पाटीकडे बघायचे आणि पुसली गेली की सुटल्यासारखं वाटून मान खाली घालायचे.

*

गुराढोरांच्या त्या तापाला आता लोक नुसतं ‘ती साथ’ म्हणतात. सात वर्षांत देशातले गोठे रिकामे झाले. निम्मी जनावरं तापानं गेली, उरलेली सरकारी हुकमानं. मग यीस्टचं दूध आलं. पांढरं होतं, पोषणात म्हणावं तर कमी नव्हतं. पण त्यावर साय धरेना, विरजण लागेना, आणि मुख्य म्हणजे अशक्त तान्ह्या मुलांना ते सोसेना. दवाखान्यांत अशी मुलं वाढू लागली, तेव्हा गोठवून ठेवलेल्या म्हशींच्या पेशींकडे सगळ्यांचं लक्ष गेलं.

म्हशीच्या कासेचा तुकडा काचेच्या टाकीत वाढवणं अवघड गेलं नाही. तो दूध तयारही करू लागला. फक्त देईना. दूध तयार होणं वेगळं आणि दूध उतरणं वेगळं, हे गोठ्यात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. कासेतल्या पेशी दूध बनवून बारीक फुग्यांत साठवतात. ते फुगे आवळले गेल्याशिवाय थेंब खाली येत नाही. आवळण्याचा हुकूम मेंदूतून येतो, ऑक्सिटोसिन नावाच्या रसातून. आणि मेंदू तो हुकूम सोडतो रेडकाच्या वासानं, त्याच्या ढुशीनं, नाहीतर रोजच्या माणसाच्या आवाजानं. जुनी माणसं यालाच पान्हा म्हणत.

टाकीतल्या कासेला हा रस बाहेरून टोचून पाहिला. महिनाभर दूध आलं, मग कास सुजली आणि सडली. कुठं थांबायचं हे सुईला कळत नव्हतं. तेव्हा दिगंबर चौगुले नावाच्या, सभेत कधी तोंड न उघडणाऱ्या शास्त्रज्ञानं एक टिपण पाठवलं. हुकूम कधी द्यायचा ते कासेचं कासेलाच ठरवू द्यावं. तिला मेंदूचा एक कण द्यावा, ज्वारीच्या दाण्याएवढा, त्याच म्हशीच्या पेशींतून वाढवलेला. आणि त्या दाण्याला रेडकू जवळ आहे असं वाटेल अशी व्यवस्था करावी. वास, ऊब, मधूनमधून ढुशी देणारी रबराची तोटी आणि एक आवाज.

आवाजासाठी ते गावी गेले होते. या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. आक्का रिकाम्या गोठ्यात बादली पालथी घालून बसली, समोर म्हैस असल्यासारखे हात पुढं केले, डोळे मिटले आणि गुणगुणू लागली. ‘हं बाय, हं... दे गं माझे बाई, दे.’ चाळीस मिनिटं. नंतर पदरानं तोंड पुसून म्हणाली, “लई वर्सांनी बसलो बघ. म्हस न्हाई म्हणून हातांस्नी काय करावं कळंना.”

त्या आवाजानं दूध उतरलं. यंत्रानं बनवलेले आवाज, शिकलेल्या गायिकांचे आवाज, सगळे लावून पाहिले. त्यांनी पाव हिस्साही दूध आलं नाही. मग सगळ्या टाक्या त्या एकाच आवाजावर वाढवल्या गेल्या. जाहिरातवाल्यांनी आवाजाला ‘दूधमावशी’ असं नाव दिलं आणि पुण्याबाहेर उभारलेल्या दुग्धालयातून चारशे टाक्यांचं दूध राज्यभर जाऊ लागलं.

करारनामा दिगंबरांनीच आक्काला वाचून दाखवला होता. त्यात सातवं कलम होतं: आवाजाच्या मालकिणीनं लेखी कळवल्यास नव्वद दिवसांत आवाज कायमचा बंद केला जाईल. हे कलम त्यांनीच हट्ट धरून घालून घेतलं होतं. तो त्यांच्या आयुष्यातला बहुतेक एकुलता एक हट्ट. आणि वाचताना सहाव्यावरून ते आठव्यावर गेले होते. आपण असं का केलं हे त्यांनी स्वतःलाही कधी नीट विचारलं नाही.

*

चांदी त्यांच्या लहानपणची म्हैस. कपाळावर पांढरा टिकला, म्हणून चांदी. त्यांचे वडील, आबा, रोज संध्याकाळी दोन म्हशी घेऊन कोल्हापूरच्या दूधकट्ट्यावर जायचे. तिथं म्हशी रस्त्याकडेला ओळीनं उभ्या असत आणि धार गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत, थेट त्याच्या पेल्यात काढली जाई. तालमीतले पैलवान, पेठेतले दुकानदार, पोरंबाळं घेऊन आलेल्या बायका, सगळे फेसाळलेला पेला उभ्या उभ्याच तोंडाला लावत. आपण पितो ते कुठून येतं हे तिथं कुणाला पुस्तकात वाचावं लागत नव्हतं.

एका वर्षी चांदीचं रेडकू बाराव्या दिवशी मेलं. आबांनी त्याचं कातडं काढून घेतलं, मीठ लावून वाळवलं, आत भाताचा पेंढा भरला आणि सुतळीनं शिवून टाकलं. चार काठ्यांचे चार पाय. म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून सगळेच करायचे तसं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. फक्त कट्ट्यावरच्या गिऱ्हाइकांना ते दिसता कामा नये. म्हणून तेरा वर्षांची मालन घोंगड्याआड ते चांदीच्या तोंडाशी धरून उभी राहायची आणि गुणगुणायची. चांदी मिठाचं कातडं चाटायची, आबा धार काढायचे. आठ वर्षांचा दिगू पेले विसळायचा.

एक दिवस शिवण उसवली. पेंढा गळून रेडकू चिपाडासारखं झालं. आबा शेतावर होते, मालन धुण्याला गेली होती. दिगूला वाटलं, पेंढा टोचत असेल त्याला. जरा मऊ काही भरावं. गोठ्यात उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाडं आणून टाकलेलं होतं. त्यानं ते बारीक मोडून भरलं, दाबून दाबून भरलं. रेडकू छान गुबगुबीत झालं. सुतळीही त्यानंच ओवली.

उसाचं वाडं म्हणजे म्हशीचा जीव की प्राण. संध्याकाळी कट्ट्यावर, पंधरावीस गिऱ्हाइकांसमोर, चांदीनं दोनदा कातडं चाटलं, मग हुंगलं, मग दातानं शिवण फाडली आणि आपल्या रेडकाच्या पोटात तोंड घालून खाऊ लागली. घोंगडं खाली पडलं. एका बाईनं लेकराचे डोळे झाकले. एक पैलवान हातातला पेला न पिता रस्त्यावर ओतून निघून गेला. आबांनी मागं वळून मालनच्या थोबाडीत मारली, एक, दोन, तीन. वाडं भरायचं काम तिचंच असणार, दुसऱ्या कुणाचं?

मालननं दिगूकडे एकदा बघितलं. बोलली नाही. दिगू पेले विसळत राहिला.

चांदीनं शेवटचा घास खाऊन डोकं वर केलं. रिकाम्या कातड्याला नाक लावलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग रेकू लागली. ती तीन दिवस रेकत होती. एक थेंब दूध दिलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मालन कुणाला न विचारता तिच्याजवळ जाऊन बसली. रेडकू नव्हतं, पेंढा नव्हता, काही नव्हतं. ती नुसती रडत होती आणि रडता रडता गुणगुणत होती. चांदीनं तिच्या दंडावरून जीभ फिरवली आणि पान्हा सोडला.

“इसरली बघ,” आबा म्हणाले. “जनावर ते. तीन दिवसांत इसरलं.”

“इसरली न्हाई,” मालन म्हणाली. “तिला पयल्यापास्नं ठावं हुतं. आता तिनं मला धरलंय.”

त्या दोन वाक्यांपैकी दिगूनं आबांचं वाक्य उचललं. ते खरं असेल तर त्यानं फारसं काही केलेलं नव्हतं. पुढं तो शिकला, परदेशी जाऊन आला, जनावराला वास आणि ऊब याखेरीज काही कळत नाही, हे त्यानं आकड्यांनिशी सिद्ध केलं. चांदी पुढच्या साली आटली आणि आबांनी तिला बाजारात नेलं. त्या दिवशी दिगूची शाळेत परीक्षा होती.

*

दुग्धालयाला पंधरा वर्षं झाली, त्याचा सोहळा ठरला. निवृत्त झालेल्या चौगुले सरांनाही बोलावणं होतं. त्याच्या आदल्या दिवशी नसीम मुजावर त्यांच्याकडे आली. मिरजेची, तिशीतली, हुशार इंजिनिअर. टाक्यांच्या नोंदींचं काम तिच्याकडे होतं. चौथीची मुलं दुग्धालय बघायला येणार, त्यांना ऐकवायला काही आवाज हवेत म्हणून ती जुन्या नोंदी उपसत होती.

तिनं सांगितलं ते असं. प्रत्येक टाकीतला मेंदूचा दाणा विजेच्या बारीक लहरी सोडत असतो. पडद्यावर त्या येण्याआधी एका चाळणीतून जातात. ही चाळणी सरांनीच अकरा वर्षांपूर्वी बसवलेली. दर काही मिनिटांनी उठणारा एक ठरावीक गोंगाट ती काढून टाकते. नसीमनं सहज चाळणी काढून पाहिली. गोंगाट तिला फारच नेटका वाटला. सहा सेकंद उठतो, थांबतो, पुन्हा उठतो. मावशीचा आवाज सुरू झाला की बंद होतो. म्हशीच्या घशाचं एक गणिती चित्र तिच्याजवळ होतं. घशाच्या स्नायूंना मेंदू असेच हुकूम पाठवतो, म्हणून तिनं त्या लहरी त्या घशात सोडून पाहिल्या.

“ऐका सर.”

आवाज खालच्या पट्टीत सुरू झाला, लांबत गेला आणि शेवटाला फाटला. थांबला. पुन्हा सुरू झाला.

पासष्टहून अधिक वर्षांत दिगंबरांनी तो आवाज ऐकला नव्हता. तरी त्यांचे हात नकळत पेले शोधू लागले. या टाक्यांना घसा नव्हता, तोंड नव्हतं. घशाला पाठवायचा हुकूम तेवढा ज्वारीच्या दाण्यातून निघत होता आणि कुठंही न पोचता विझत होता. पंधरा वर्षं, चारशे टाक्यांतून.

त्यांना ते माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी, आक्काचं पत्र आलं त्याच महिन्यात, त्या लहरी त्यांना पहिल्यांदा दिसल्या होत्या. टिपणात त्यांनी लिहिलं होतं, ‘हा बहुधा गोंगाट असावा.’ छापील अहवालात ‘हा गोंगाट आहे’ असं आलं. ‘बहुधा’ कुणी काढलं हे त्यांनी विचारलं नव्हतं.

“सर, ही हाक आहे का गोंगाट?” नसीमनं विचारलं. तिचा आवाज सहज नव्हता. “खरं सांगा. माझी आयरा हेच दूध पिते. जन्मली तेव्हा दीड किलोची होती. दुसरं काही पोटात ठरत नव्हतं.”

दिगंबरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“गोंगाट आहे,” ते म्हणाले. मग, “बहुधा.”

नसीमनं श्वास सोडला. मग उद्या मुलांना ऐकवतेच, म्हणाली. मजा वाटेल त्यांना.

*

मुलं चाळीस होती. म्हैस त्यांनी चित्रातच पाहिलेली. एकीनं विचारलं, मावशी म्हशीच्या आत बसायची का? दुसऱ्यानं तिला वेड्यात काढलं. मावशी बाहेर बसायची, म्हैस आत असायची, टाकीत. शिक्षिका हसल्या. दिगंबर मागं भिंतीला टेकून उभे होते. आपलं भाषण होणार नाही असं वचन त्यांनी आधीच घेऊन ठेवलं होतं.

नसीमनं तो आवाज लावला. मुलं आधी दचकली, मग खदखदून हसली. “ही म्हैस आपल्या रेडकाला हाक मारतेय,” नसीम माइकवर म्हणाली. ते तिनं गंमत म्हणूनच सांगितलं. “तुम्ही रेडकं व्हा बघू. द्या ओ.”

चाळीस मुलं बारीक आवाजात ओरडली. कुणी ‘आँऽय’, कुणी ‘म्मांऽ’. तो माइक मावशीच्या वाहिनीवर जोडलेला आहे, हे घाईत कुणी पाहिलं नव्हतं. आवाज चारशे टाक्यांत एकदम गेला.

दूध धो धो आलं. तोट्यांना आवरेना, नळ्या निसटल्या, पन्हळी भरून वाहू लागल्या. काचेपलीकडची फरशी पांढरी झाली. दाराखालून एक ओहोळ आला आणि मुलांच्या बुटांशी थांबला. मुलं टाळ्या पिटत होती.

दिगंबर पडद्याकडे बघत होते. चाळणी अजून काढलेलीच होती. चारशे रेषा सरळ झाल्या होत्या. मावशीचा आवाज नसतानाही, पंधरा वर्षांत पहिल्यांदा, एकही टाकी हाक मारत नव्हती. ओ आली होती.

मुलांना घाईनं बसमध्ये बसवण्यात आलं. नवव्या मिनिटाला पहिली रेषा उठली. मग तिच्याशेजारची, मग सगळ्या. त्या सहा सेकंदांनी थांबल्या नाहीत.

तीन दिवस दूध आलं नाही. मावशीचा आवाज अखंड लावून ठेवला. ‘हं बाय, हं’ करत तो कोरड्या टाक्यांवरून फिरत राहिला. तांत्रिक दुरुस्ती चालू असल्याचं जाहीर झालं. दवाखान्यांतून फोन येत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एका टाकीनं थोडं दूध सोडलं, मग दुसरीनं. सकाळपर्यंत सगळं पूर्ववत झालं. व्यवस्थापकांनी पेढे वाटले आणि चाळणी पुन्हा बसवली.

नसीम दिगंबरांना जिन्यात भेटली. तीन दिवस ती घरी गेली नव्हती.

“सर, तुम्ही गोंगाट म्हणाला होता.”

ते कठडा धरून एक पायरी बाजूला झाले.

“मी तुमच्यावर ओरडत नाही. मला एवढंच सांगा, घरी जाऊन आयराला काय पाजू?” ती दोन पायऱ्या उतरून वळली. मग म्हणाली, “तुमच्याकडं उत्तर नसतंच का हो कधी?” आणि उतरून गेली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबरांनी खण उघडला आणि या वेळी पाकीट बाहेर काढलं. टेबलावर कोरे कागद घेतले. पहिल्या कागदावर ‘बहुधा’ आलं, तो फाडला. दुसऱ्यावर मेंदूच्या लहरींची व्याख्या आली, तोही फाडला. दुपारी जेवण तसंच राहिलं. चार वाजता जे लिहून झालं ते असं होतं:

‘ती. आक्कास सा. नमस्कार. तू विचारलं होतंस त्याचं उत्तर: त्यांना कळतं. चांदीलाही कळलं होतं. तू म्हणत होतीस ते खरं आणि आबांचं आणि माझं चुकीचं. हे मला अकरा वर्षांपूर्वी दिसलं होतं, मी ते झाकलं. टाक्या रेडकाला हाक मारतात. ओ येत नाही म्हणून तुझा आवाज धरून राहतात.

वाडं मी भरलं होतं. तुला ठाऊक आहे. तरी मी एकदा सांगायला हवं होतं.

सोबत एक कागद आहे. करारातलं सातवं कलम मी तुला वाचून दाखवलं नव्हतं. तू या कागदावर सही केलीस की नव्वद दिवसांत तुझा आवाज बंद होईल. कुणालाही अडवता येणार नाही. मग दूध पाव हिश्श्याच्याही खाली जाईल. ज्या तान्ह्या मुलांना दुसरं काही पचत नाही, त्यांच्यातली काही जगणार नाहीत. किती, ते मला सांगता येत नाही. माझ्या ओळखीची एक आहे, तिचं नाव आयरा. सही केली नाहीस तर आहे ते असंच चालू राहील, आणि पुढच्या वर्षी टाक्या आठशे होणार आहेत. हे दोन्ही तुला माहीत असावं.

मला ठरवता येत नाही म्हणून मी हे तुझ्यावर ढकलत नाही. आवाज तुझा आहे, म्हणून विचारतो.’

शेवटची दोन वाक्यं त्यांनी पुन्हा वाचली. ती खरी आहेत का, याची त्यांना खात्री देता येईना. घोंगड्याआड रेडकू धरून उभी राहिलेली तेरा वर्षांची मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोर आली. या वेळीही धरायला तिलाच सांगतो आहोत का आपण? त्यांनी पहिलं वाक्य खोडलं. मग दुसरंही खोडलं. खोडलेलं दिसेल असंच ठेवलं, कागद बदलला नाही. खाली ‘तुझा दिगू’ एवढंच लिहिलं.

पोस्टात गर्दी नव्हती. पत्रं फारशी कुणी टाकत नाही, म्हणून एकच खिडकी उघडी होती. त्यांच्यापुढं एक बाई खांद्यावर तान्हं मूल घेऊन उभी होती. मूल किरकिरत होतं आणि ती त्याच्या पाठीवर थोपटत, ते कुठून आलं याचा विचारही न करता, गुणगुणत होती. ‘हं बाय, हं.’ चाल आक्काची होती. मूल शांत झालं. बाईचं काम झालं, ती गेली.

खिडकीतल्या मुलीनं पाकिटाचं वजन केलं. आत काय आहे, तिनं विचारलं. “कागद,” दिगंबर म्हणाले. रजिस्टर करायचं का? हो. पोच हवी का? त्यांनी विचार केला. नको म्हणाले. मग लगेच, हवी म्हणाले. मुलीनं तिकीट चिकटवलं आणि शिक्का मारण्यासाठी पाकीट आत ओढलं. ते येईना. दुसरं टोक त्यांच्या बोटांत होतं.

मुलीनं वर बघितलं.

“काका,” ती म्हणाली, “सोडा ना आता.”

त्यांनी सोडलं.